भानुदास पेंटरांचं आभाळ

आमच्या बैठकीच्या खोलीत नगरच्या किल्ल्याचं एक तैलचित्र टांगलेलं आहे. त्याच्या उजव्या बुरुजावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. पाहुणे हमखास ओलं फडकं मागतात. डाग निघत नाही, कारण तो रंगाने काढलेला आहे.

त्याचं असं झालं. आमचे शेजारी भानुदास पेंटर जुन्या काळच्या इंग्रज साहेबांनी काढलेल्या चित्रांच्या हाताने नकला करतात. किल्ल्याच्या चित्राची छापील प्रत त्यांनी मला आधी बघायला दिली आणि मी गाढवाने तिच्यावर कप ठेवला. महिन्याने नक्कल तयार होऊन आली ती डागासकट. कपाचं वर्तुळ एका जागी पुरतं जुळलं नव्हतं, ती फटही जशीच्या तशी. मी म्हणालो, "अण्णा, हा डाग माझा आहे हो, साहेबाचा नाही."

"कुनाचाबी असू द्या, गुरुजी. मुळात हाय, म्हंजी हाय. आज डाग सोडला, तर उद्या बुरूज सोडीन."

अण्णा मूळचे कोल्हारचे. निम्मी हयात नगरात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली. मग फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. बाकीचे पेंटर घरांना रंग द्यायला लागले. अण्णा मात्र कुठल्याशा रद्दीवाल्याकडून जुन्या चित्रांचं फाटकं पुस्तक घेऊन आले. तेव्हापासून त्यांचा हा उद्योग. मूळ चित्रावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, तेवढ्याच कॅनव्हासवर आखायच्या आणि भिंग लावून एकेक चौकट उतरवायची. "आज बाविसाव्या चौकटीत हाय," असं ते म्हणाले की समजायचं, आज लग्नाची पत्रिका द्यायलासुद्धा जाऊ नये.

खरी इमारत मात्र बघायची नाही. चांदबिबी महाल इतका जवळ, त्याच्या सात नकला यांनी केल्या, पण पाय म्हणून तिकडे वळवला नाही. "खरं बघितलं की हात बिघडतो," म्हणायचे. एकदा मी हट्टाने स्कूटरवर घालून नेलंच. अण्णांनी महालाकडे पाहिलं, सोबत आणलेल्या चित्राकडे पाहिलं, पुन्हा महालाकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेबानं टेकडी बराबर धरलीय. हितं जरा खचल्यावानी वाटती." टेकडीच्या वतीने मीच ओशाळलो.

सुप्याच्या एका हॉटेलवाल्याने गेल्या वर्षी त्यांना नगरच्या फराहबागेतल्या महालाचं मोठं चित्र सांगितलं. पुण्याच्या रस्त्यावर नवं हॉटेल, आत शिरल्या शिरल्या समोर दिसेल असं. चित्रात पुढेच एक हडकुळी शेळी होती. तो म्हणाला, "अण्णा, तेवढी शेळी काढा की. फॅमिली हॉटेल हाय आपलं."

"शेळी साहेबाची हाय. माझी असती तर कवाच सोडली असती."

शेळी राहिली. महाल झाला, कमानी झाल्या, पाणी झालं. आणि नेमका त्याच वेळी अण्णांच्या बायकोला, आमच्या कौसल्यावहिनींना, अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला.

पुढे तीन महिने चित्र तसंच. खाली सगळं पूर्ण, वर आभाळाच्या जागी कोरा कॅनव्हास. उद्घाटनाची तारीख जवळ आली. हॉटेलवाल्याचे फोन सुरू झाले. शेवटी मी म्हणालो, "अण्णा, एवढा महाल काढलात, आभाळाचं काय घेऊन बसलात?"

अण्णांनी ब्रश पुसून डब्यात उभा केला. मग म्हणाले, "दगडाला कड असती, गुरुजी. अक्षराला असती. ढगाला कुठनं धरायचं? मला नाय जमत. आजवरची समदी आभाळं हिची हायेत."

तीस वर्षांचा शेजार, आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी शहाणपणा करून म्हणालो, दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्या. अण्णा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी मीच मुकाट्याने त्यांच्याकडे गेलो. वहिनी कॉटवर उशांना टेकून बसल्या होत्या आणि चित्र त्यांच्यासमोर उलटं उभं केलेलं होतं. महाल खाली डोकं वर पाय. त्यामुळे आभाळ खालच्या बाजूला, वहिनींच्या हाताला येईल असं आलं होतं. त्यांच्या डाव्या हातात ब्रश होता. अण्णा डब्याच्या झाकणात निळा रंग धरून जमिनीवर बसले होते.

"वाकडं जातंय वो," वहिनी म्हणाल्या.

"जाऊ दे. घाई न्हाई."

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी हॉटेलवाला टेम्पो घेऊन आला. खूश झाला. मग त्याने मोबाईलवर मूळ चित्र काढून शेजारी धरलं आणि त्याचा चेहरा बदलला. "अण्णा, मुळात आभाळ मोकळं हाय. आन् ह्यो ढग तर पार महालावर आलाय. असं कसं चालंल?"

चित्र परत गेलं असतं तर वहिनींनी पुन्हा ब्रश हातात धरला नसता, हे अण्णांना कळत होतं आणि मलाही. पण या माणसाला खोटं बोलता येत नाही, निदान चित्राबाबत तरी.

आतून वहिनींचा आवाज आला. "अवो, खरं सांगून टाका. माझा हात घसरला म्हनावं."

अण्णांनी चष्मा लावला. मोबाईल हातात घेऊन ते चित्र बराच वेळ निरखलं. मग मोबाईल परत दिला.

"साहेबाचं चुकलंय," अण्णा म्हणाले. आणि आतल्या खोलीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्या आवाजात, "त्या दिवशी ढग हुता."