तीनशे वर्षं टिकणारी कादंबरी

हस्तलिखित वाचलं की खराब होतं, हे आमच्या दक्षिण करवीर विद्यापीठाच्या हस्तलिखित जतन कक्षाचं पायाभूत तत्त्व आहे. माणसाच्या बोटांना घाम असतो, श्वासात वाफ असते, आणि कोल्हापुरात तर जेवणानंतर बोटांना तांबड्या रश्श्याचा तवंगही असतो. म्हणून मी या कक्षाचा प्रमुख झाल्यापासून इथलं एकही पान कुणी वाचलेलं नाही. मीसुद्धा नाही. नियम म्हणजे नियम.

१९९८ साली कादंबरीकार चनबसाप्पा हेब्बाळे वारले. सीमेकडच्या एका साखर कारखान्यात ते वजनकाट्यावर कारकून होते. दोन कादंबऱ्या छापून आल्या होत्या. तिसरी त्यांनी उसाच्या वजनाच्या जुन्या पावत्यांवर, पाठकोऱ्या बाजूला, पेन्सिलीनं लिहिली होती. त्यांच्या पत्नी रत्नव्वा त्या पावत्यांची ट्रंक घेऊन एस.टी.नं आल्या. आम्ही शाल दिली, श्रीफळ दिलं, फोटो काढला. आमचे संचालक डॉ. सोमशेखर यांनी 'हा ठेवा आता समाजाचा झाला' असं भाषण ठोकलं. इथवर सगळं शिस्तीत होतं. महिन्याभरानं बाई परत आल्या आणि घोडं अडलं.

"सायेब, शेवटचा भाग तेवढा कुणाकडनं तर वाचून दावा," त्या म्हणाल्या. "मला वाचाय येत न्हाय. मालक रोज जेवताना वाचून दावायचं. शेवटचा तेवढा ऱ्हायला. तुमीच म्हनला हुतासा की, हितं शिकल्याली मानसं वाचत्यात."

"कारण काय लिहू?"

"आमची विद्याश्री मनानं लगीन करून गेली. तवापास्नं मालकानं तिचं नाव काढलं न्हाय. पर पुस्तकात तसलीच पोरगी लिवलीया. ती माघारी येऊन दारात हुबी ऱ्हाती, हितवर मी ऐकलंय. बापानं दार उघडलं का न्हाय, तेवढं सांगा. उघडलं आसंल तर मी आमच्या पोरीला सांगावा धाडतो. वारणानगरात हाय ती. मालकाच्या मनाबाहेर कसं बोलवू?"

आता बोला. कौटुंबिक कारणासाठी वाचन, अशी तरतूद आमच्या नियमावलीत नाही. संशोधकाला मार्गदर्शकाची शिफारस लागते, आणि या बाईंना मार्गदर्शक कोण देणार? मी अर्ज करायला सांगितलं. आमच्या पिराजी शिपायानं तो लिहून दिला. कक्षाच्या समितीनं त्यावर गंभीर विचार केला. झेरॉक्सच्या उजेडानं पेन्सिल फिकी पडते आणि मोठ्यानं वाचलं तर कागदावर थुंकी उडते. सबब आधी जतन, मग वाचन, असा ठराव झाला.

जतनाचं अनुदान यायला काही वर्षं गेली. बाई दर संक्रांतीला यायच्या, डबाभर शेंगापोळ्या आणायच्या आणि तेच विचारायच्या. पोळ्या आम्ही खात होतो. त्याला नियमाची आडकाठी नव्हती.

२००३ साली मूल्यांकन समिती येणार असं कळलं आणि विद्यापीठाला एकाएकी साहित्याचा कळवळा आला. पावत्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवून काचेत मांडायच्या ठरल्या. प्रश्न होता, दर्शनी बाजू कुठली धरायची? नियम स्पष्ट आहे: शिक्का, क्रमांक आणि सही असेल ती बाजू दर्शनी. छापील बाजूला कारखान्याचा शिक्का होता, गाडीचा नंबर होता, तारीख, सही, सगळं होतं. दुसऱ्या बाजूला नुसती पेन्सिलीची खाडाखोड. तिच्यावर कुणाची सहीसुद्धा नव्हती. परदेशातून मागवलेला गोंद लावून ती बाजू आम्ही पुठ्ठ्याला पक्की बसवली.

उद्घाटनाला रत्नव्वांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. फीत कापून झाल्यावर त्या सरळ शेवटच्या काचेपाशी गेल्या आणि पिराजीला म्हणाल्या, "वाच रं."

पिराजी वाचायला लागला. "बैलगाडी. ऊस खोडवा. भरल्याली गाडी..."

"ह्यो ऊस हाय. माझी पोरगी कुठाय?"

"ती मागच्या बाजूला, आक्का," डॉ. सोमशेखर म्हणाले.

"मग उलटं करा की."

"चिकटवलंय. सोडवायला गेलं तर फाटेल. पण तुम्ही काळजी करू नका, तीनशे वर्षं हलायचं नाही."

"ते टिकंल वो. मी कुठं टिकतोय तवर?"

मग त्या माझ्याकडं वळल्या. "चिकटवायच्या आदी तुमी तरी वाचलासा?"

एक अक्षरही नाही, असं मी अभिमानानं सांगितलं. त्यांनी अंगावरची, आम्हीच दिलेली शाल काढली, घडी करून काचेवर ठेवली आणि स्टँडकडं चालू लागल्या. त्यानंतरच्या संक्रांतीला त्या आल्या नाहीत. विद्याश्री अजून वारणानगरातच आहे, असं पिराजी सांगतो. त्याला उगाच चौकशा करायची खोड आहे. शाल मऊ आहे, काचा पुसायला बरी पडते. मूल्यांकन समितीनं आम्हाला वरची श्रेणी दिली.

आता तुम्ही माझ्यावर डोळे वटारून विचाराल, की अहो, पण बापानं दार उघडलं का? बरं झालं विचारलंत. हेब्बाळ्यांच्या पहिल्या दोन कादंबऱ्या आमच्या ग्रंथालयात कधीपासून पडून आहेत, कुलूप नाही, काच नाही. तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का पडलेला नाही. तिथं तुम्ही फिरकला नाहीत. प्रदर्शनाला मात्र आला होतात. अभिप्रायाची वही माझ्यासमोर उघडीच आहे. तुम्ही लिहिलंय, 'एकेक पान वाचताना डोळे पाणावले.' खाली तुमची सही आहे. ती आम्ही जपून ठेवली आहे.