मैंदर्गीकरांचा नारिंगी रंग

"टाकीवर खूण केलीया त्यानं. वरनं इमानवाल्याला दिसाय पाहिजे म्हणून."

दूधवाले सिद्रामअण्णा आमच्या दारात माप ओतता ओतता आईला हळूच सांगत होते. मी आत, पडद्यामागे उभी होते. आईने समोरच्या घराकडे एकदा पाहिले आणि पातेल्यावर घाईने झाकण ठेवले, जणू दूधही ऐकत होते.

समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आदल्या दिवसापर्यंत साधी सिमेंटची होती. आता ती पांढरीशुभ्र होती. मधोमध भडक नारिंगी पट्टा, वरच्या कडेला काळे-पिवळे चौकडे. युद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच खिडक्यांवर ब्लॅकआउटचा काळा कागद अजून तसाच चिकटलेला होता. अशा दिवसांत कुणी टाकी रंगवली की लोक आधी आभाळाकडे बघत.

टाकी रंगवणारे गृहस्थ म्हणजे मैंदर्गीकर. हवाई दलातून मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ते गुरुपादअण्णांच्या घरात भाड्याने राहायला आले होते. एकटेच. गल्ली त्यांना कॅप्टन म्हणे. दर वेळी ते थांबून सांगत, "कॅप्टन पायदळात असतो. मी स्क्वाड्रन लीडर." दुसऱ्या दिवशी गल्ली पुन्हा कॅप्टन म्हणे.

कोपऱ्यावरून कुणी येताना दिसले की ते फाटकातून हात वर करून त्याला तिथेच थांबवत आणि ओरडून विचारत, "आधी काय दिसलं?" म्हणजे टाकी, फाटक की त्यांची छत्री. छत्रीही नारिंगीच होती. एकदा पोस्टमन म्हणाला, "तुमीच दिसलात की साहेब." त्यावर ते नाराज झाले. माणूस कधीच आधी दिसत नसतो, असे म्हणून त्यांनी त्याला पुन्हा कोपऱ्यावर पाठवले. तेव्हापासून आमची पत्रे उशिरा येऊ लागली.

मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. कॉन्व्हेंटमध्ये मला इंग्रजीतून लाजायला शिकवले होते, मराठीतून ते मला आधीपासूनच येत होते. त्यामुळे खिडकीशी उभे राहून बघणे एवढेच मला नीट जमे. त्यांनी शेजारच्या बाळाचा पांगुळगाडा रंगवला. सिद्रामअण्णांचे रेडकू पहिल्यांदा आईमागून रस्त्यावर आले, तर त्याच्या पाठीवर नारिंगी पट्टा ओढला. म्हशीला मात्र हात लावला नाही. सिद्रामअण्णा आठवडाभर सांगत होते की रेडकू मोठे झाल्यावर काय रंगाचे दूध देईल ते देवालाच ठाऊक. मला वेगळाच संशय होता. हा माणूस निवडून निवडून रंगवतो. का?

मग माझी पाळी आली.

मी तेव्हा सायकल शिकत होते. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सायकल येत नाही हे कुणाला कळू नये, म्हणून झुंजूमुंजू व्हायच्या सुमाराला, गल्लीत कुणी नसताना. एका सकाळी बघते तर ओसरीतल्या सायकलचे मागचे मडगार्ड नारिंगी आणि चेनकव्हरवर काळे-पिवळे चौकडे. मी रागाने तडक समोर गेले आणि तुम्हाला कुणी परवानगी दिली, असे इंग्रजीत विचारले, कारण रागात मराठी सुचेना.

ते ब्रश धूत होते. भिंतीवर एकच फोटो होता, एका जेट विमानाचा. पांढरे अंग, नारिंगी नाक, नारिंगी पंखांची टोके आणि शेपटीवर तेच चौकडे. लढाईचे विमान असे सर्कशीतल्या विदूषकासारखे असू शकते हे मला खरेच वाटेना.

"शिकाऊ विमान आहे," ते मराठीत म्हणाले. "हे मी न विचारता रंगवलं. वरिष्ठांची फार बोलणी खाल्ली."

ते ब्रशकडेच बघत होते.

"आमची बाकीची सगळी चंदेरी होती. धुरकट उन्हात चंदेरी दिसत नाही. एक पोरगा पहिल्यांदाच एकटा वर गेला होता. माझाच विद्यार्थी. मी दुसऱ्या विमानात होतो. मला तो दिसला नाही. विमानं घासली एकमेकांना. मी हवाई छत्री उघडून उतरलो."

मग त्यांनी विचारले, मडगार्ड वाळले का. मी हो म्हणून घरी आले.

त्याच रविवारी गुरुपादअण्णा चार शेजारी घेऊन समोरच्या फाटकाशी आले. गल्ली ओट्याओट्यांवर गोळा झाली. टाकी आज पहिल्यासारखी करायची नाहीतर घर खाली करायचे, आणि पोलिसांत कळवायचे ते वेगळेच, असे त्यांनी मराठीत सांगितले. मग ठसण्यासाठी कन्नडमध्ये पुन्हा सांगितले. मैंदर्गीकर सीमेवरच्या मैंदर्गीचेच, त्यांना दोन्ही समजले. मला वाटले, आता ते फोटोतल्या विमानाचे सांगतील, त्या मुलाचे सांगतील. ते ताठ उभे राहिले आणि एवढेच म्हणाले की संध्याकाळपर्यंत सामान बांधतो.

ते ऐकून गुरुपादअण्णाच जरा खजील झाले. भांडायला आलेल्या माणसाला समोरून भांडण मिळाले नाही की होते तसे. ते गल्लीकडे वळले.

"एकानं तरी पुढं येऊन सांगा, ह्यो रंग मला पाहिजे हुता म्हणून. मी गप घरला जातो की."

बाळाच्या आईने पांगुळगाडा पायाने हळूच दाराआड सरकवला. सिद्रामअण्णा रेडकाच्या कानातली गोचीड शोधू लागले. बाबांनी डोळ्यांनीच मला आत जायला खुणावले.

मी ओसरीत गेले आणि सायकल पायऱ्यांवरून खाली उतरवली. बसून जाणे शक्यच नव्हते, म्हणून हातात धरून रस्त्याच्या मध्यापर्यंत नेली. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. मैंदर्गीकरही.

"रंग मीच मागितला होता," मी म्हणाले. आवाज फारच बारीक निघाला, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले, "सायकल शिकतेय मी. मी लांबूनच दिसायला पाहिजे."