तबकडीचं तेलपाणी

मी मदत करायचं ठरवलं, तिथंच सगळं बिनसलं. बबिताचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं असं की मी नुसता बसून राहिलो तर घरातलं निम्मं नुकसान आपोआप टळतं. पण धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला गेलेल्या जावयानं नुसतं बसायचं तरी किती? (बसायचंच असतं. जावयाचं कामच ते. हे मला नंतर कळलं.)

मी जिंतूरला एका कचेरीत लिपिक आहे. कुणाचं स्टेपलर अडकलं, प्रिंटरनं कागद गिळला, कपाटाचं दार कुरकुरायला लागलं, की लोक हक्कानं मला हाक मारतात. मी जातो, चष्मा वर-खाली करून बघतो, दोन थेंब तेल सोडतो आणि मग ते बाहेरचा माणूस बोलावतात. इतक्या वर्षांच्या अशा अनुभवावर माणसाला यंत्रांचा आत्मविश्वास येणारच.

सासुरवाडी राणीसावरगावची. सासरे बिरूमामा जन्मभर मेंढरांमागं हिंडले, आता वाड्यात मोजकी मेंढरं ठेवलीत, तीही सवय सुटत नाही म्हणून. पण गावात मामांचं नाव मेंढरांवरून नाही, आवाजावरून. धनगरी ओव्यांच्या गजात, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या ताफ्यात, मामा उभे राहिले की म्हणे ढोलवाल्याला जोर वाढवावा लागायचा. ‘म्हणे’ अशासाठी, की मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. माझं लग्न ठरायच्या आधीच मामांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते बोलतात ते कुजबुजल्यासारखं. शेजारच्या माणसाला कळावं म्हणून तोंड त्याच्या कानाशी न्यावं लागतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की ह्यांचं काहीतरी गुपित चाललंय.

तो आवाज आता एकाच ठिकाणी शिल्लक होता. मामांच्या तरुणपणी शहरातून कुणी हौशी माणूस आला होता. त्यानं गजाच्या ओव्या टेप केल्या आणि पुढं त्याची काळी तबकडी काढून एक गावाला पाठवली. तिच्या पहिल्या अंगाला मुंजाजीकाका गायलेत, दुसऱ्या अंगाला मामा. मुंजाजीकाका मामांच्या बरोबरीचे, त्याच गजातले. ‘मी पैल्या अंगाला हाय’ हे ते अजून लग्नाकार्यात ओळख करून देताना सांगतात, मामा शेजारी बसलेले असले तरी. मामींनी, म्हणजे माझ्या सासूबाई केवळाबाईंनी, ती तबकडी आणि लाउडस्पीकरवाल्याकडून घेतलेलं रेकॉर्डचं मशीन घोंगडीत गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवलेलं. कित्येक वर्षं कुणी हात लावला नव्हता.

तर आमची सृष्टी, वय वर्षं आठ, जोडून आलेल्या सुट्टीत आजोबांच्या मांडीवर बसून विचारती झाली, “आबा, तुमचा आवाज कुठं ठेवलाय?” मामांनी पेटीकडं बोट दाखवलं. झालं. धोंड्याच्या जेवणादिवशी संध्याकाळी तबकडी लावायची ठरली. गल्लीला सांगावा गेला. मुंजाजीकाकांनी नवा फेटा काढला.

“नीट जपून करा बगा,” मामी मला म्हणाल्या. “ह्यांचा आवाज तेवढाच राह्यलाय. दुसरा कुठंच न्हाई. नातीनं ऐकला की मी बिनघोर झाले.”

“मामी, तुम्ही काही काळजी करू नका,” मी म्हणालो. (हे वाक्य मी ज्याला ज्याला म्हणालोय त्यानं पुढं काळजीच केलीय.)

मशीन लावून बघितलं. थाळी फिरत होती. आता कुणीही शहाणा माणूस तबकडी फडक्यानं पुसून मोकळा झाला असता. मी मोबाइल उघडला. त्यात परदेशातला एक माणूस पांढरे हातमोजे घालून तबकडीशी इतक्या हळुवारपणे बोलत होता की माझ्याशी लग्नानंतर तसं कुणी बोललेलं नाही. त्याचं म्हणणं, सुई आणि तबकडीचं घर्षण झालं की आवाज झिजतो. म्हणून दोघींना खास वंगणाचा थर द्यायचा. थर केसापेक्षा पातळ, आणि मऊ मखमलीनं लगेच पुसून घ्यायचा. त्याच्याकडं त्या वंगणाची चिमुकली बाटली होती. तसली बाटली गंगाखेडच्या बाजारात मागितली असती तर दुकानदारानं मला पाणी पाजून सावलीत बसवलं असतं.

मग कुठलं तेल, यावर ओसरीत चर्चा झाली.

“करडीचं घ्या. घरचं हाय, ताजं हाय,” मामी म्हणाल्या.

“गाडीचं ग्रीस लावा. एकदा लावलं की वरीसभर बगायचं काम न्हाई,” मुंजाजीकाका म्हणाले. ते फेटा दाखवायला आले होते.

मामा काहीतरी कुजबुजले. मी कान नेला. “कामून तेल लावायलाव? फडक्यानं पुसा की.”

मला स्पष्ट ऐकू आलं. पण कुजबुजीला आमच्या कचेरीत लेखी टिपणीचा मान नसतो, तोंडी सूचनेचाही नसतो. मी मान हलवली आणि शिलाई मशीनच्या तेलाची बाटली शोधून आणली. यंत्राला यंत्राचं तेल, हा माझा साधा हिशेब.

आतल्या खोलीत बसून मी कामाला लागलो. चष्मा ओसरीत राहिला होता, पण तेल लावायला चष्मा कशाला? आधी सुई. सगळा भार बिचारीच्या टोकावर, म्हणून तिला जरा सढळ हातानं. मग तबकडीचं पहिलं अंग. परदेशी माणसानं केसाएवढा थर म्हटलं होतं, पण त्याच्याकडचे केस पातळ असणार. बाटलीची चोच जरा मोठी होती, आणि तेल आपलं आपण पसरत गेलं. आता मखमल. धनगराच्या घरात मखमल कुठून आणायची? पण दारात कालच कातरलेल्या लोकरीचा ढीग पडला होता, आणि लोकरीहून मऊ जगात काय आहे? मी एक गोळा घेतला आणि गोल गोल फिरवत राहिलो. बोटांना इतकं मऊ लागत होतं, की काम झकास चाललंय यात मला शंकाच उरली नाही.

दुसरं अंग घ्यायला मी तबकडी उलटी करणार तेवढ्यात बबिताची हाक आली. “अवो, पान वाढलंय. धोंडे गार व्हायलेत.”

पुरणाचे धोंडे आणि वर तूप. मी तबकडी खोळीत सरकवली आणि हात धुवायला पळालो.

संध्याकाळी अंगणात सतरंज्या पडल्या. निम्मी गल्ली आली. मामा धुवट धोतर नेसून मशीनशेजारी बसले, सृष्टी त्यांना चिकटून. मामी उंबऱ्याशी. मी चष्मा लावून, घसा साफ करून (माझा घसा, ज्याची काहीच गरज नव्हती) खोळीतून तबकडी बाहेर काढली.

तबकडीला लोकर फुटली होती.

काळी म्हणून दिसतच नव्हती. तेलात रुतलेली लोकर, वर मेंढराच्या अंगची धूळ, मधेमधे गवताची काडी. मामा पुढं वाकले, बोटानं ती लव चाचपली आणि कुजबुजले. सगळे गप्प होते म्हणून पहिल्यांदाच त्यांची कुजबुज शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचली.

“कातरायला आलीय.”

लोक हसले. बबिता हसली नाही.

“हे काय केलंत?”

“तेलपाणी.”

“कुणी सांगितलं व्हतं?”

“एका माणसानं.”

“कुठल्या?”

“मोबाइलमधल्या.”

“मग बोलवा त्याला हितं. माज्या मायला काय सांगायचं ते त्यालाच सांगू द्या.”

मी मामींकडं बघितलं आणि मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या उंबऱ्यावरून उठून जवळ आल्या होत्या, रिकामी खोळ हातात घेऊन उभ्या होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, “दुसरं अंग?”

मी खाली मान घालून म्हणालो, “त्याचं राहिलं.”

“काय राह्यलं?” बबिता.

“तेल लावायचं. तू जेवायला बोलावलंस ना.”

लग्नानंतर पहिल्यांदाच मी अर्धवट टाकलेल्या कामाबद्दल तिच्या तोंडावर आनंद दिसला. तिनं तबकडी उलटी करून बघितली. दुसरं अंग काळंभोर, कोरडं, स्वच्छ होतं.

“लावा मग,” मामी म्हणाल्या.

“आदी पैलं अंग,” मुंजाजीकाका फेटा सावरत म्हणाले. “पैलं ते पैलं. रीत हाय.”

त्यांना कुणी नाही म्हणेना. सुई टेकवली. ती तेलावरून अशी घसरली की कडेपासून थेट मधल्या कागदापर्यंत गेली आणि जाताना पुढ्यात लोकरीचा बोंडूक गोळा करत गेली. मुंजाजीकाकांची अख्खी ओवी एका शिंकेएवढ्या वेळात आटोपली. आवाजही साधारण तसाच आला.

“हे मी न्हवं,” मुंजाजीकाका म्हणाले.

मामांचे डोळे इतके चमकले की मला वाटलं, ह्या माणसाला आपण नकळत काहीतरी दिलंय.

सृष्टीच्या रंगाच्या कुंचल्यानं बबितानं सुई स्वच्छ केली. मला हात लावू दिला नाही. तबकडी उलटी ठेवली. ढोल सुरू झाला, मग झांजा, आणि त्यातून एक आवाज उभा राहिला. राहिला म्हणेपर्यंत बसला. जड झाला, लांबला, आजारी रेड्यासारखा हंबरत खाली खाली गेला.

मी वाकून बघितलं. खाली थाळी नीट फिरत होती. पण आता तेलकट अंग थाळीवरच्या रबरावर आलेलं, त्यामुळं तबकडी जागच्या जागी घसरत होती. मशीन आपल्या वाटेनं, तबकडी तिच्या मर्जीनं.

“आबा झोपले का?” सृष्टीनं विचारलं.

मामांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मघाची चमक गेली होती. ह्या माणसानं ऑपरेशनच्या खोलीत जाताना विडी मागितली होती म्हणतात, पण आत्ता तो घाबरला होता. आहे तेवढाही आवाज नातीसमोर जायला लागला होता.

मी काही विचार केला नाही. (विचार केला असता तर आणखी तेल आणलं असतं.) मधल्या कागदावर बोट टेकवलं आणि तबकडी फिरवायला लागलो. आवाज वर आला. फार वर आला. मामा चिमुकल्या पोरीसारखे गायला लागले.

“हळू,” बबिता म्हणाली. “माजे दादा हायत ते, जत्रेतला पाळणा न्हाई.”

हळू केलं तर पुन्हा रेडा. मग मामांनी आपल्या मांडीवर पंज्यानं ठेका धरला. मी तबकडीकडं बघणं सोडून त्यांच्या हाताकडं बघत राहिलो आणि त्या ठेक्यावर बोट फिरवत गेलो. आणि तो आवाज आला.

काय सांगू तुम्हाला? माझ्या अंगावर काटा आला. मोकळ्या माळावर लांब गेलेली मेंढरं परत बोलवावीत असा, कुणाला न भिणारा आवाज. इतकी वर्षं ज्या माणसाच्या तोंडाशी मी कान नेत होतो तो हा, हे मला पटेना. सृष्टीनं एकदा मशीनकडं बघितलं, एकदा आबांकडं, मग हळूच त्यांच्या गळ्यावर हात ठेवून आवाज तिथं लागतोय का ते बघितलं. मामींनी पदर तोंडाला लावला. मुंजाजीकाका मागून झील धरायला लागले होते, पहिलं अंग विसरून.

ओवी संपली. मी बोट उचललं.

“पुन्ना,” सृष्टी म्हणाली.

पुन्हा लावली. मग उशिरा आलेल्यांसाठी लावली. मग जे लवकर आले होते ते म्हणाले, आमी पैल्यांदा नीट ऐकली न्हाई. मला चहा आला तो बबितानं बशीतून पाजला, कारण हात मोकळा नव्हता. घाण्याच्या बैलाला निदान डोळ्यांवर झापड बांधतात. मला सगळे दिसत होते आणि सगळ्यांना मी दिसत होतो. धोंड्याच्या महिन्यात जावयाचं म्हणे फार कौतुक असतं. माझं झालं. “आरं, काय एकसारखं फिरवायलाय गडी,” असं एक म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बबितानं तबकडीचं लोकरीचं अंग साबणाच्या पाण्यानं हलक्या हातानं धुतलं. मुंजाजीकाका बरेचसे परत आले. पण थाळीवरच्या रबरात मुरलेलं तेल काही जाईना. धुतलं, उन्हात घातलं, पीठ चोळलं. तबकडी घसरायची ती घसरतेच. मी नवं रबर मागवतो म्हणालो तर मामी घाईघाईनं म्हणाल्या, तुमी काई मागवू नका.

आम्ही निघायच्या तयारीत होतो तेव्हा मामांना चारठाण्याच्या पाहुण्यांचा फोन आला. बातमी तिथवर पोचली होती. त्यांना जत्रेत ओव्या ऐकवायच्या होत्या. मामांचं बोलणं पलीकडं ऐकू जावं म्हणून सृष्टीनं फोन त्यांच्या तोंडाशी धरला होता आणि स्पीकर चालू केला होता.

“बिरूमामा, आमच्याकडं लाईटीचा भरवसा न्हाई,” पलीकडून आवाज आला. “मधीच गेली तर तुमचं मशीन बंद पडंल की.”

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी पिशवीची चेन लावत होतो.

“फिकीर करू नगा,” ते कुजबुजले. “कर्ण्याला तेवढी बॅटरी लावा. मशीन आमचं जावयावर चालतंय.”