तळोद्याची तांबडी मोटार फत्ते जाहली, त्याची हकिकत

श्री कानबाई प्रसन्न.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी तळोदे कसब्यात जो युद्धप्रसंग उद्भवला आणि पुढील संवत्सरी वैशाख शुद्ध तृतीयेस नंदुरबारी सिद्धीस गेला, त्याचे वर्तमान चिरंजीव भाग्येशराव, मुक्काम सुरत, यांनी दूरध्वनीवरून पुसले, की पप्पांनी या वयात हे काय काढले आहे? त्यास जैसे घडले तैसे, पदरचे अक्षर न घालता, लिहिले आहे.

पप्पा म्हणजे राजमान्य राजश्री पितांबरराव पाटील, हे बसडेपोतील यंत्रशाळेचे जुने सरदार. चौतीस वर्षे त्यांनी इंजिने उघडली आणि मिटली, आणि घाटात बंद पडलेल्या गाड्या नुसत्या आवाजावरून जाग्या केल्या, आणि मग वयोमानपरत्वे शाल, श्रीफळ व भिंतीवरचे घड्याळ घेऊन घरी बसले. बसले खरे, परंतु पाय डेपोकडे ओढीत. एके दिवशी नव्या बसचे बॉनेट उघडे पाहून ते मसलत द्यावयास पुढे झाले, तों संगणक जोडून बसलेला तरुण कारागीर मोठ्या अदबीने वदला, "काका, तुम्ही बसा, मी खुर्ची लई येस." खुर्ची आली. पितांबरराव बसले. त्या खुर्चीत जो मानभंग जाहला तो वैऱ्यासही न घडो. घरी येऊन ते दोन दिवस आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहात राहिले.

अशा समयी सौभाग्यवती कौसाबाईसाहेबांचा हुकूम सुटला की, नंदुरबारी जाऊन वर्षाची एक पोते लाल मिरची घेऊन यावे. हुकूम शिरसावंद्य मानून पितांबरराव निघाले आणि शेठ लालचंदजींच्या वखारीत दाखल जाहले, आणि मिरचीची पारख करीत पोती हलवितात तों पोत्यांमागे तांबडे काही चमकले. पाहतात तर मोटार! विलायती, दोन आसनांची, माथ्यावर छप्पर नाही, जमिनीस पोट टेकून निजलेल्या चित्त्यासारखी. पन्नास वर्षांपूर्वी लालचंदजींच्या तीर्थरूपांनी ती मुंबईहून हौसेने आणविली होती, आणि ते निवर्तल्यावर तिजवर मिरचीची पोती चढली ती आजतागायत. चाके बसलेली, आसनांत उंदरांची तिसरी की चौथी पातशाही नांदत असलेली. शेठजी म्हणाले, भंगारात द्यावयाची आहे.

हे शब्द ऐकून आतल्या खोलीतून मातुश्री उमरावबाई काठी टेकीत बाहेर आल्या. वय वर्षे ब्यायशी, ओढणी कपाळाखाली. पतीने मोटार आणली तेव्हा सुनेने उघड्या गाडीत बसून बाजारातून जाणे सासरी मंजूर नव्हते, सबब ही गाडी त्यांनी जाळीच्या खिडकीतून पाहिली तेवढीच. त्यांनी फर्माविले, "गाडी थे ले जावो, भाई. पण चालू हो जावे तो एक बार म्हने बिठावजो."

पितांबररावांनी रुकार दिला आणि मोटार शेठजींच्या टेंपोत चढवून तळोद्यास आणिली, आणि मिरची वखारीतच विसरली.

मग जो गहजब जाहला तो वर्णावयास लेखणी धजत नाही. कौसाबाईसाहेबांनी मिरचीसाठी झाडून ठेवलेली पत्र्याची शेड मोटारीने सर केली, हे पाहून त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि पुसत्या झाल्या, "पापड, कुरडाया कोठे करू मी? तुमना डोकावर?" मग निर्वाणीचा खलिता सुटला, "आखाजीलगून गाडी हालनी ते हालनी. नहीं ते भंगारवालाले बलावसू."

मुदत अशी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, पडली आणि मोर्चे लागले. इंजिन गंजाने ऐसे धरले होते की पाना लावून झोंबले तरी तिळभर फिरेना. पितांबररावांनी त्यास रॉकेल आणि तेलाचा वेढा दिला आणि आठ दिवस सकाळ-संध्याकाळ फक्त एक सूत हिसका देत राहिले, आणि नवव्या दिवशी किल्ल्याचा दरवाजा करकरला. उंदरांच्या पातशाहीची हकालपट्टी जाहली. आणि मग हवेच्या नळ्या साफ कराव्या म्हणून पंप लाविला, तों नळ्यांत पन्नास वर्षे दबा धरून बसलेली मिरचीची भुकटी एकदम बाहेर पडली. गल्लीतील तमाम रयत शिंकू लागली, समोरच्या घरची मुंज थांबली, भटजींचा मंत्र अर्ध्यावर तुटला, आणि कौसाबाईसाहेब डोळ्यांस पदर लावून, शिंकत शिंकत, भंगारवाल्याचा नंबर शोधू लागल्या.

पुढे पाण्याच्या पंपाचा दांडा मोडका निघाला आणि हिंदुस्थानात कोठे मिळेना. तेव्हा पितांबरराव पंप फडक्यात बांधून, चौदा माणसांच्या जीपमध्ये मांडी आखडून, बाजाराचे दिवशी सातपुड्यातील मोलगीस गेले. तेथे डोंगरसिंग पावरा म्हणून घाटातील जीपांचे वैद्य. त्यांनी पंप तळहातावर फिरविला आणि म्हणाले, "काका, हा पार्ट मिळत नसतो. हा पार्ट बनवायचा असतो." मग जुन्या जीपच्या दांड्याचा तुकडा लेथवर चढविला, आणि दोघे वृद्ध यंत्रज्ञ दिवसभर एकमेकांशी दहा शब्दही न बोलता परम सुखात राहिले. डोंगरसिंगांनी पितांबररावांस खुर्ची दिली नाही, कानस दिली. हा उपकार विसरण्याजोगा नव्हे.

चैत्रमासी इंजिनाने पहिला श्वास घेतला, आणि घेताच खोकून मेले. कारण असे की, या मोटारीस दोन कार्बुरेटर, आणि दोघांचे आपसांत जमेना. एक बहुत पेट्रोल पिई, दुसरा उपाशी. यावर उपाय एकच, रबरी नळीचे एक टोक कार्बुरेटरच्या तोंडाशी आणि दुसरे कानाशी धरून दोहोंचा नाद सारखा होईतो स्क्रू पिळावे. ही तर पितांबररावांची खास विद्या. त्यांनी नळी कानास लाविली. स्क्रू पिळला. पुन्हा लाविली. चार सकाळी गेल्या. पाचव्या सकाळी कौसाबाईसाहेब चहा घेऊन शेडेत आल्या, तों पितांबरराव तेलाच्या डब्यावर बसलेले, नळी मांडीवर, दृष्टी भुईकडे. चौतीस वर्षे बसगाड्यांच्या गर्जना ऐकून कानांनी राजीनामा दिला होता, आणि ही गोष्ट त्यांनी वैद्यास सांगितली नव्हती, की स्वतःसही नव्हती.

ते हळूच म्हणाले, "मले काही आयकू येस नहीं."

कौसाबाईसाहेबांनी कप खाली ठेविला. भंगारवाल्याचे नाव काढले नाही. नळी उचलली, पदर सावरून कानास लाविली, या तोंडाशी धरली, त्या तोंडाशी धरली, आणि निकाल दिला, "डावा फुसफुसी ऱ्हायना. जुना स्टो जसा करे ना, तसा." बाईसाहेबांनी उभा जन्म वातीचे आणि हवेचे स्टोव्ह पाळले होते, ज्वाळेचा नाद त्या पाठमोऱ्याही ओळखीत. मग त्या सांगत गेल्या आणि पितांबरराव पिळीत गेले. थोडा. आखो थोडा. बस! आणि दोन्ही कार्बुरेटर एका सुरात गाऊ लागले, आणि पितांबररावांस तो सूर ऐकू आला नाही, परंतु बॉनेटवर ठेवलेल्या तळहातास कळला, आणि बाईसाहेबांच्या मुद्रेवरही वाचता आला. चहा निवून गेला. येथे उभय पक्षांचा तह जाहला.

आखाजीचे दिवशी प्रातःकाळी मोटारीस हार घालून स्वारी निघाली. डाव्या आसनी कौसाबाईसाहेब, मांडीवर हत्यारांची पेटी, गळ्यात रबरी नळी. प्रकाशाच्या पुलावर तापीमाईस नारळ दिला आणि नंदुरबारी वखारीसमोर येऊन ठाकले. कौसाबाईसाहेबांनी आपण होऊन आसन रिकामे केले. मोटार इतकी बुटकी की उमरावबाईंस आत उतरविणे ही स्वतंत्र मोहीम ठरली. नातसुना चांदनी आणि मुस्कान यांनी बगला धरिल्या. लालचंदजी कळवळून म्हणाले, "माँसा, भर बाजारात? लोक काय म्हणतील?"

मातुश्री उत्तरल्या, "ज्यां लोगां रो डर हो, वे सगळा मर गया."

मोटार मिरचीबाजारातून निघाली. दोहो बाजूंस लाल मिरचीचे डोंगर पसरलेले, मध्ये तांबडी मोटार, आणि रिक्षावाल्यांनी वाट सोडिली. वाऱ्याने मातुश्रींची ओढणी कपाळावरून मागे गेली आणि त्यांनी ती पुढे घेतली नाही. फेरी पुरी करून पितांबररावांनी वखारीशी ब्रेक दाबिला, तों बाजूने विचारणा आली, "इत्तो ही?"

मग दुसरी फेरी जाहली, आणि तिसरी, आणि चौथीत स्टेशनच्या रस्त्यावर पेट्रोल संपले. पितांबररावांनी हात जोडून विनंती केली की, मातुश्रींनी आता उतरून रिक्षाने जावे. मातुश्रींनी नकार फर्माविला. मग बाजारातील सहा हमाल बोलाविले, त्यांनी मोटार मागून लोटिली, आणि मातुश्री उमरावबाई, मुख उघडे, पाठ ताठ, उन्हात डोळे किलकिले करून, उभ्या बाजाराचे मुजरे घेत संथ गतीने स्वस्थानी पावल्या.

येणेप्रमाणे विश्वावसु नाम संवत्सरी, वैशाख शुद्ध तृतीयेस, माध्यान्हसमयी तांबडी मोटार फत्ते जाहली. आपले पक्षी पितांबररावांचे एक नख गेले. शत्रू जो गंज, तो सर्वत्र मोडला. थोडका डाव्या दाराखाली लपून आहे, परंतु त्यास आता कोणी भीत नाही.