मागच्या सीटवरचा ब्रेक

मास्तरांनी त्या सकाळी गाडीचं मागचं दार पाच मिनिटं उघडं ठेवलं, एवढंच काय ते झालं. पायाखालच्या चटया झटकायच्या होत्या. चटया झटकून ते परत आले, तर मागच्या सीटवर एक कुत्रा बसलेला. तोही अंग चोरून वगैरे नाही, चांगला ताठ, नाव नोंदवून आल्यासारखा.

मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. सव्वीस वर्षं हाच धंदा. स्वभाव शिस्तीचा (हे त्यांचं मत) आणि आवाज खणखणीत (हे साऱ्या गल्लीचं मत). कुत्रा या प्राण्याशी त्यांचं कधीच जमलं नव्हतं. त्यातून हा मातकट रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला.

"हाड!" मास्तर म्हणाले.

कुत्र्याने मान वळवून मागे पाहिलं. बहुधा दुसऱ्या कुणाला म्हणतायत असं त्याला वाटलं.

तेवढ्यात औषधवाल्या बाई आल्या. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान त्यांचं. वय पन्नाशीचं. डॉक्टरांचं कसलंही अक्षर त्या घडाघडा वाचत, पण रिव्हर्स गिअर काही त्यांना सापडत नव्हता.

"मास्तर, हे कोण?"

"कोणी नाही."

"मग माझ्या वेळेत कसं बसवलंत?"

कुत्र्याला ओढून पाहिलं, बिस्किट दाखवून पाहिलं. बिस्किट त्याने खाल्लं आणि परत ताठ बसला. शेवटी वेळ जायला लागला म्हणून ते तिघं निघाले.

पहिल्याच वळणावर एक सायकलवाला आडवा आला. बाई आपल्या गिअरशी गप्पा मारत होत्या. मास्तर गरजले, "ब्रेक! ब्रेक!"

बाईंनी ब्रेक दाबला. त्याच क्षणी मागून एक मातकट गोळा उडाला आणि मास्तरांच्या मांडीत येऊन पडला. वर मास्तरांच्या हनुवटीखाली नाक खुपसून शेपूट हलवायला लागला.

मास्तरांना वाटलं, धक्क्याने पडला असेल. पण पुढच्या वळणावर तेच. सिग्नलला तेच. तासाभरात मास्तर सतरा वेळा "ब्रेक" ओरडले (बाईंचा सरासरी आकडा हाच) आणि कुत्रा सतरा वेळा मांडीत आला. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. बेट्याला ते आपलं नाव वाटत होतं! जन्मात त्याला इतक्या तळमळीने कोणी हाक मारली नसावी.

दुपारी गाडी दारात आली आणि मास्तरांच्या मागोमाग कुत्राही घरात आला.

"अहो, हे काय?" बायकोने विचारलं.

"आलाय. जाईल."

बायकोने दुधात पाव कुस्करून त्याच्यापुढे ठेवला.

"अगं, जाणाऱ्याला कोणी खायला घालतं का?"

"तुम्हाला नाही घालत मी रोज, कामावर जाताना?"



कुत्रा राहिला, आणि रोज शिकवणीलाही मागच्या सीटवर ताठ बसून जाऊ लागला. मास्तरांनी मात्र आपण त्याला ठेवलेलं नाही, हे सगळ्यांना सांगणं चालू ठेवलं. त्याने गाडीवरच्या शिकाऊच्या पाटीचा कोपरा चावला, मास्तरांच्या चपलेचा अंगठा खाल्ला. हे सगळं एकवेळ चाललं असतं. पण एका संध्याकाळी मास्तर चहा घेत बातम्या बघत होते. निवेदिका गोड हसली आणि म्हणाली, "आता घेऊया एक छोटासा ब्रेक."

इतक्या प्रेमाने त्याला कोणी घेऊया म्हटलं नव्हतं. कुत्रा मास्तरांच्या मांडीवरून, चहाच्या कपावरून थेट टीव्हीवर गेला. टीव्ही मागच्या मागे पडला. चहा मास्तरांच्या सदऱ्यावर, कप बायकोच्या पायाशी आणि कुत्रा टीव्हीच्या मागे निवेदिकेला शोधतोय.

"उद्याच्या उद्या हा जाणार!" मास्तर ओरडले.

बायको काचा गोळा करत होती. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही ठरवा. पण नंतर तोंड पाडून बसायचं नाही."

"मी? तोंड पाडून? ह्या कुत्र्यासाठी?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गॅरेजवाल्याकडे नेऊन सोडलं. गॅरेजवाल्याला राखणीला कुत्रा हवाच होता. निघताना कुत्रा दोरीच्या टोकापर्यंत आला आणि गाडीच्या मागच्या दाराकडे बघत बसला. मास्तरांनी नीट करण्याच्या निमित्ताने आरसाच दुसरीकडे फिरवून टाकला.

तीन दिवस गेले. शिकवणी नेहमीसारखी चालू होती. फक्त मास्तर "ब्रेक" ओरडले की त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे येत, कुणाला तरी झेलायला, आणि रिकामेच परत जात. घरी पाव-दुधाची वाटी बायकोने घासून पालथी घातली होती. मास्तरांनी ती दोनदा सुलटी केली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तोंड पडलंय," बायको म्हणाली.

"दाढ दुखतेय."

"कुठली?"

मास्तरांनी आधी डावा गाल दाखवला, मग उजवा.

चौथ्या दिवशी औषधवाल्या बाईंची शिकवणी चालू असताना गॅरेजवाल्याचा फोन आला. "मास्तर, तुमचा कुत्रा दोरी तोडून पळाला. सकाळपासून पत्ता नाही."

 गॅरेज आणि घराच्या मधे मोठा रस्ता, त्यावर ट्रकांची रांग. "बाई," ते म्हणाले, "गाडी गॅरेजकडे घ्या. सावकाश."

"रिव्हर्स घ्यावा लागेल का?"

"नाही."

"मग चला."

मास्तरांनी खिडकीबाहेर डोकं काढलं आणि जीव तोडून हाक मारली, "ब्रेक!"

गाडी कचकन थांबली.

"बाई, तुम्ही नाही! मी त्याला म्हणतोय!"

"बरं." गाडी सुटली.

"ब्रेक! ए ब्रेक!"

कचकन थांबली.

"अहो बाई!"

"मास्तर, दोन महिने तुम्हीच हे माझ्या पायात भरलंय. आता पाय ऐकत नाही."

असा तो प्रवास झाला. दर वीस पावलांवर एक हाक आणि एक हिसका. मागच्या गाड्यांचे भोंगे, एका रिक्षावाल्याने काढलेली मास्तरांच्या सात पिढ्यांची आठवण, आणि प्रत्येक हिसक्याला खिडकीच्या चौकटीवर आपटणारं मास्तरांचं कपाळ. गॅरेजच्या गल्ल्या झाल्या, मोठा रस्ता झाला, भाजी बाजार झाला. कुत्रा नाही.

"अजून कुठे बघायचं?" बाईंनी हळूच विचारलं.

 मास्तरांनी हाताने दाखवलं. शहराबाहेरचं ते रिकामं मैदान, जिथे रोज शिकाऊ लोक पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायला शिकत.

तो तिथेच होता. दोन पिंपांच्या मधे, बरोबर जिथे गाडी उभी राहते तिथे, ताठ बसून वाट बघत. गळ्यात तुटकी दोरी आणि पुढच्या पायाला खरचटलेलं.

मास्तरांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. सव्वीस वर्षं न थकलेला घसा नेमका तेव्हा बसला होता. (घसाच बसला होता, असं ते आजही सांगतात.) मग बाईंनीच काच खाली केली, "ब्रेक!" म्हणून आरोळी ठोकली आणि स्वतःच ब्रेकही दाबला.

कुत्रा खिडकीतून आत आला तो बाईंना तुडवून थेट मास्तरांच्या मांडीत. मास्तरांनी त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि बराच वेळ त्याचा पडका कान सरळ करत बसले. तो सरळ होत नव्हता.

"धूळ फार आहे इथे," ते डोळे पुसत म्हणाले.

"हो ना," बाई म्हणाल्या. काच त्यांनी कधीच वर केली होती.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी फोन वाजला. कुणी एक बाई बोलत होत्या.

"मागे कुत्रा बसवून शिकवतात, ती गाडी तुमचीच ना?"

"हो," मास्तर अभिमानाने म्हणाले.

"मला नाव घालायचंय. कुत्रा रोज असतो ना नक्की?"

"रोज असतो."

"मग ठीक आहे. आणि शिकवायला कोण असतं?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती. 

"असतो एक माणूस," ते म्हणाले. "ओरडतो जरा. पण चावत नाही."