कवटीला कुंकू

"पत्रिका? त्यात काय एवढं! चहा निवायच्या आत करून दाखवतो!" असं म्हणून देवदत्तनं मोबाईल उचलला, आणि सोलापुरात पहिला मोबाईल त्यानंच आणला असावा अशा थाटात बायकोकडे बघितलं.

बायको, म्हणजे इंद्रायणी, भाजी निवडत राहिली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि 'त्यात काय एवढं' या शब्दांनी सुरू झालेली कामं कुठवर जातात हे तिला ठाऊक होतं. मागच्या वेळी त्यातून मिक्सर गेला होता.

त्यांच्या ज्ञानदाचा सातवा वाढदिवस रविवारी आला होता आणि तिला पायरेट पार्टी हवी होती. काळा झेंडा, कवटी, खजिन्याचा नकाशा, डोळ्यावर पट्टी, सगळं! सोलापूरपासून समुद्र लांब आहे, असं इंद्रायणीनं समजावून पाहिलं. "मम्मी, पायरेट लांबच जातात की!" असं उत्तर आल्यावर तिनं तो विषय नवऱ्याच्या गळ्यात घातला.

देवदत्त वरवर ऐट करत होता, पण आत त्याला धाकधूक होती. जूनमध्ये मंगळवेढ्याहून त्याची बदली झाली, तशी ज्ञानदाची शाळाही बदलली. वर्गात सगळ्यांच्या जोड्या आधीच जमलेल्या. पोरगी डबा एकटी खायची. दिवाळीनंतर वर्गात कितीतरी वाढदिवस झाले, हिला एकाचंही बोलावणं नाही. आदल्या दिवशी तिनं हळूच विचारलं होतं, "पप्पा, माझ्याकडे कुणी आलंच नाही तर?"  न येऊन जातात कुठं? अशी पत्रिका करीन की घरी बसणाऱ्याला झोप लागणार नाही, असं देवदत्तनं मनाशी ठरवलं.

टेम्पलेट तयारच मिळालं. जहाज, लाटा, मधोमध हसरी कवटी, तिच्याखाली दोन हाडं. आपण फक्त अक्षरं बदलायची. त्यानं लिहिलं, 'सावधान! कॅप्टन ज्ञानदाचं जहाज आलंय! रविवारी संध्याकाळी आमच्या घरी या आणि खजिना लुटा!' चहा निवला होता, पण तो मुद्दा सोडून देऊ.

आता पाठवायची वेळ आली. ॲपनं विचारलं, लोकांनी ही पत्रिका नुसती बघायची, की तिच्यात बदलही करायचे?

देवदत्त एका पतसंस्थेत कारकून. संस्थेत कुठल्याही सूचनेचा कच्चा मसुदा आधी सगळ्या संचालकांकडे जायचा, खाली एक ओळ ठरलेली असायची, 'काही दुरुस्ती असल्यास करावी.' आजवर एकाही संचालकानं स्वल्पविरामसुद्धा हलवला नव्हता. मोठेपणा म्हणून विचारायचं, समोरच्यानं मोठेपणानं नको म्हणायचं, अशी ती रीत. देवदत्तनं रीतीप्रमाणे 'बदल करता येतील' वर बोट ठेवलं, खाली ती ओळ लिहिली, आणि पत्रिकेची लिंक वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर टाकली. मग कौतुक व्हावं म्हणून घरच्यांच्या ग्रुपवरही टाकली.

इथंच जहाज खडकावर आपटलं!

घरच्यांच्या ग्रुपवर अकलूजचे आप्पा होते, देवदत्तचे चुलते. कारखान्याच्या ऑफिसातून रिटायर झालेले, आणि आता कुणाच्या तरी कागदात चूक सापडावी म्हणून तळमळणारे. आणि मंगळवेढ्याची बजाबाई आत्या, आप्पांची थोरली बहीण. हिला मोबाईल असा येत होता की पहाटेच्या सुविचाराशिवाय ग्रुपवरचा एकही माणूस उठत नसे. दोघांनी ती ओळ वाचली. दुरुस्ती असल्यास करावी. करावी म्हटल्यावर करायलाच पाहिजे की!

दुपारी पतसंस्थेत इंद्रायणीचा फोन आला. "अहो, पत्रिका बघितली का?"

"बघायची काय? मीच केलीय!"

"ते झालंच. तरी पण एकदा बघा."

देवदत्तनं लिंक उघडली. वर ठळक अक्षरांत 'श्री गजानन प्रसन्न' आलं होतं. जहाजाच्या शिडावर आंब्याच्या पानांचं तोरण. चारी कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं. आणि मधोमध ती हसरी कवटी, तिच्या कपाळावर ठसठशीत लाल कुंकू!

त्यानं घाईघाईनं बजाबाईला फोन लावला.

"आत्या, हे काय केलंत?"

"आरं मी काय केलं? तूच काय केलंस! लेकराच्या वाडदिवसाला हाडकं घालत्यात व्हय रं? काडायला गेले तर ती कवटी निघंना. लई दाबलं, घासलं, न्हाय निघाली. मग म्हटलं, ऱ्हायली तर ऱ्हाऊ दे, निदान कुंकू तरी लावावं. उघड्या कपाळानं कशाला आपल्या दारात?"

"अहो, ती पायरेटची खूण आहे. पायरेट म्हणजे समुद्रातले दरोडेखोर!"

"आगं बया! दरवडेखोरांच्या नावानं पाव्हणं बोलवतोस? बरं झालं की मी सुधारलं!"

फोन ठेवतो तोवर पत्रिकेखाली नवी ओळ उगवली. 'आपले नम्र, आप्पासाहेब, अकलूज.' देवदत्त बघत असतानाच तिच्या वर दुसरी उगवली. 'सौ. बजाबाई, मंगळवेढा.' पाठोपाठ आप्पा उडी मारून वर गेले. बजाबाई त्यांच्याही वर. आप्पा पुन्हा वर! दोघं बहीणभाऊ कवटीच्या हनुवटीपर्यंत पोचले.

आता आप्पांचा फोन. "देवदत्ता, माझं नाव सारखं खाली कोण वडतंय?"

"आप्पा, मुळात पायरेट पार्टीला निमंत्रक नसतात."

"निमंत्रक न्हाय? मग बोलावतंय कोण, ती कवटी? घरात थोरला पुरुष मी हाय. माझं नाव वर पायजे."

"पण आत्या वयानं..."

"ती दुसऱ्या घरची झाली की!"

हे बजाबाईला कुठून कळलं देव जाणे, पण तिचा फोन लगेच आला. "दुसऱ्या घरची व्हय? तुझं देवदत्त हे नाव तुझ्या बारशात कुणी ठिवलं? मीच न्हवं? मग तुझ्या लेकीच्या पत्रिकेत मी खाली व्हय?"

 देवदत्तनं ठरवलं, ना आप्पा, ना आत्या, दोघांनाही पुसायचं आणि मूळ पत्रिका परत आणायची.  घाईत त्यानं भलतंच बटण दाबलं. आप्पा राहिले, आत्या राहिली, तोरण राहिलं, कुंकू राहिलं. गेलं ते ज्ञानदाचं नाव!

नेमका त्याच क्षणी वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला. 'पत्रिका छान आहे. पण वाढदिवस कुणाचा? आप्पासाहेबांचा का?'

देवदत्तनं मोबाईल टेबलावर पालथा घातला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. हसं झालं! उद्या शाळेत पोरं ज्ञानदाला चिडवणार, कुंकवाच्या कवटीवरून नाव ठेवणार. मैत्रिणी मिळवून द्यायला निघालेल्या बापानं होती तेवढी इज्जतही घालवली. त्याला खरोखर रडू येत होतं.

धीर करून त्यानं नाव परत घातलं. तोवर आप्पांनी खाली 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे' अशी भर टाकली होती, तिच्याखाली 'भोजन आपल्या आगमनापासून'. बजाबाईनं 'आमच्या घरी' खोडून 'घरासमोरच्या पटांगणात' केलं होतं, कारण तिच्या मते देवदत्तच्या घरात धड एक पंगत बसत नव्हती.

त्यावर ज्ञानदाच्या वर्गातल्या शरणबसवच्या आईचा, रेश्माचा, मेसेज आला. 'सासरे विचारतायत, आम्ही सगळेच आलो तर चालेल का? ते म्हणतात, एवढ्या मोठ्या माणसांनी हात जोडून बोलावलंय, न जाणं बरं दिसत नाही.' पाठोपाठ त्या सासऱ्यांचा, तिप्पण्णांचा, स्वतःच्या आवाजातला मेसेज. अक्कलकोटकडचा माणूस, घाईत आधी कानडी निघायची. "बर्तीवी, बर्तीवी! येतो की! आप्पासाहेबांना नमस्कार सांगा!"

मग रांग लागली. एरवी वाढदिवसाचं निमंत्रण पडलं की पालक एक अंगठा दाखवून मोकळे व्हायचे. या पत्रिकेला अंगठा दाखवायची कुणाची हिंमत होईना. घराघरांतल्या आजीआजोबांनी ती चष्मा लावून वाचली होती. आमचे सहा, आमचे पाच, आमची नणंद आलीय, तिला आणू का? देवदत्त मोजायचं सोडून नुसता 'या, या' लिहीत सुटला.

"आणि खायला काय घालणार?" इंद्रायणीनं संध्याकाळी विचारलं. "जहाजाचा केक आणि वेफर्स?"

"आप्पांनी लिहिलंय भोजन. आप्पांनाच विचारतो."

आप्पांना विचारावं लागलंच नाही. लिहिलं म्हणजे निभावलं पाहिजे, या जुन्या वळणाचा माणूस! रविवारी दुपारी अकलूजहून टेम्पो आला. आत मसालेभाताचं पातेलं, जिलेब्या, आचारी, आणि पुढच्या सीटवर आप्पा. मध्यंतरी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर काळी पट्टी होती. डॉक्टरांनी घरी बसा म्हटलं होतं. "निमंत्रक म्हणून नाव हाय माझं," आप्पा म्हणाले, "बसतो कसा?"

संध्याकाळी पटांगण फुलून गेलं. जरीच्या टोप्या, नऊवारी, नारळ, ओटीचं सामान! ज्ञानदा काळा झेंडा घेऊन दारात उभी होती आणि तिच्या वर्गातलं एकेक पोर, आजोबांच्या बोटाला धरून, आत येत होतं. सगळा वर्ग आला! देवदत्त पाण्याचे जग वाहत होता. लेकीचा चेहरा दिसला की त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

पण आलेली पोरं आपापल्या आजोबांना चिकटून उभी. ज्ञानदाशी बोलेना कुणी. दारातला तिचा झेंडा हळूहळू खाली झुकायला लागला. देवदत्तनं पाण्याचा जग खाली ठेवला. सगळे येऊनही पोरगी एकटीच राहणार?

तेवढ्यात औक्षणाची वेळ झाली. बजाबाई ताम्हण घेऊन पुढं झाली, तर आप्पा आडवे.

"थोरला मी. पयलं मी ओवाळणार!"

"बापईमाणसं ओवाळत्यात व्हय कुटं? सर मागं!"

"न्हाय सरत!"

बजाबाईनं ताम्हण इंद्रायणीच्या हातात दिलं आणि टेबलावरची पुठ्ठ्याची तलवार उचलून आप्पांच्या नाकासमोर नाचवली. आप्पांनी दुसरी उचलली! एक डोळा पट्टीखाली, दुसरा लाल, मिश्या थरथरतायत. सगळं पटांगण वळून बघायला लागलं. देवदत्तला वाटलं, धरणीनं आता पोटात घ्यावं.

आणि शरणबसव ओरडला, "ए, खरा पायरेट!"

पोरं आजोबांची बोटं सोडून धावली! "कॅप्टन! कॅप्टन! मारा त्यांना!" कुणी आप्पांच्या बाजूनं, कुणी बजाबाईच्या. ज्ञानदा मधोमध उडी मारून उभी राहिली आणि झेंडा उंच धरून किंचाळली, "हे माझे आजोबा आहेत! आणि ही माझी आजी! दोघं माझ्या जहाजावरचे!"

आप्पा थबकले. बजाबाई थबकली. दोघांनी एकमेकांकडे, मग पोरांकडे बघितलं. आणि मग आप्पांनी पुठ्ठ्याची तलवार उगारून अशी काही डरकाळी फोडली की दोन आज्यांच्या हातून जिलेब्या पडल्या. लढाई पटांगणभर झाली. कॅप्टन ज्ञानदाच्या मागं सगळा वर्ग पळत होता. असा वाढदिवस त्या भागात आधी कुणाचा झाला नव्हता, हे देवदत्त कुणालाही छातीवर हात ठेवून सांगायला तयार आहे.

दुसऱ्या दिवशी ज्ञानदा शाळेतून उड्या मारतच आली. "पप्पा! शरणबसवनं मला त्याच्या वाढदिवसाला बोलावलंय! आणि आणखी दोघींनी! आज डबा आम्ही सगळ्यांनी गोल करून खाल्ला!"

देवदत्तनं तिला उचलून घेतलं. पण कौतुक ऐकायची हौस काही त्याला गप्प बसू देईना. त्यानं इंद्रायणीकडे विजयी नजर टाकली. "ऐकलंस? आणि आमच्याबद्दल काय म्हणाले गं सगळे, ज्ञानदा?"

"आप्पाआजोबांबद्दल विचारलं. बजाआजीबद्दल विचारलं. त्या दोघांना सगळ्यांच्या वाढदिवसाला न्यायचंय."

"आणि माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल पण विचारलं की. शरणबसवच्या आजोबांनी तुमचा नंबर मागितलाय."

"बघ!" देवदत्त ताठ झाला. "पत्रिका करून हवी असणार!"

"नाही," ज्ञानदा म्हणाली. "त्यांच्याकडे बारसं आहे. ते म्हणाले, काल पाणी देणारा तो वाढपी लई कामाचा होता."

"देऊन टाका नंबर," इंद्रायणी म्हणाली.