रीतसर निराधार

माणूस निराधार आहे की नाही, हे त्याचं त्याला कधीच कळत नाही. ते ठरवायला सक्षम अधिकारी लागतो. एखाद्याला चार मुलगे असूनही तो निराधार असू शकतो आणि एखादी बाई जगात एकटी असून चांगली टुणटुणीत असू शकते. अशा नाजूक बाबतीत भावनेच्या भरात निर्णय होऊ नये म्हणून ऐंशी सालाच्या सुमारास सरकारने एक योजना काढली. ज्याला कोणी नाही त्याला दरमहा साठ रुपये रोख, मनीऑर्डरने, थेट हातात. मध्ये पुढारी नाही, दलाल नाही (अर्जाखाली पुढाऱ्याची शिफारस लागे, पण ती खाली, मध्ये नव्हे).

देवळीच्या सडकेपासून आत खापरवाडा नावाचं गाव आहे. नकाशात सापडणार नाही, मतदार यादीत सापडेल. तिथल्या आनंदाबाईला रूपराव नावाचा एकुलता मुलगा होता आणि त्याच्याकडे सहा एकर कपाशी होती. म्हणजे नियमाने ही बाई भक्कम आधाराची. पण गावचे तलाठी दयाळू होते. निवडणूक जवळ आली की त्यांची दया आणखी वाढे. त्यांनी वाट दाखवली. मुलाने एवढंच लिहून द्यायचं की मी आईला सांभाळत नाही, ती वेगळी राहते, वेगळी खाते.

रूपराव गावात सज्जन म्हणून नावाजलेला होता. बाप गेल्यापासूनच्या आठ वर्षांत त्याने आईला एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं (तिने काही विचारलंही नव्हतं). बाप वारला आणि म्हातारीच्या खोकल्याने पोरांची झोपमोड होऊ लागली, तेव्हा तिची बाज पुढच्या सपरीतून, म्हणजे ओसरीतून, उचलून मागे बैलांच्या कोठ्यात नेली होती, तीही तात्पुरती. कोठ्यात हवा खेळती असते. सगळ्यांची जेवणं आटोपली की सून लीलाबाई जर्मनचं ताट कोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवी. चहा काळा, कारण म्हाताऱ्या माणसाला दूध पचत नाही. याला कोणी हाल म्हणत नसे, सोय म्हणत. अशी सोय गावात बऱ्याच घरी होती आणि त्यावरून कोणाची सोयरीक मोडल्याचं ऐकिवात नाही.

तर अशा माणसाच्या जिवावर आलं ते लिहिणं.

"पापाचं काम हाय तलाठीसाहेब," तो म्हणाला. "जिनं जलम देला तिच्याबद्दल असं खोटं कसं लिहू?"

"तिच्या भल्यासाठीच लिहून राह्यला ना? मंग ते खोटं नाई, पुण्य हाय," तलाठी म्हणाले.

सही करताना रूपरावने दोनदा पेन खाली ठेवलं. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. चावडीसमोरच्या मंडळींनी पाठीवर हात फिरवून त्याला धीर दिला, चहा पाजला. आनंदाबाईचा अंगठा घेण्याआधी तलाठ्यांनी तिला मजकूर वाचून दाखवला. तिने तो कान देऊन ऐकला. त्यात खोटं नेमकं कुठे आहे ते तिला सापडलं नाही. पण ती शिकलेली नव्हती, म्हणून गप्प बसली.

शेतकऱ्याच्या घरी रोकड कशी येते हे शहरातल्या माणसाला सांगून कळणार नाही. कापूस सरकारी केंद्रावर घालायचा आणि चुकाऱ्याची, म्हणजे त्याच्या पैशांची, वाट पाहायची. चुकारा हप्त्याहप्त्याने येई आणि येता येता वाटेत चार ठिकाणी बसून येई. अशा घरात बोंडअळी पडो की पाऊस दडी मारो, दर महिन्याला न चुकता येणारं पीक एकच उरलं, ते म्हणजे आनंदाबाई.

या थेट मदतीने घडवलेले बदल नोंदवण्यासारखे आहेत. पहिली सुधारणा झाली ती पोस्टमन प्रेमदासच्या चपलेमुळे. पैसे म्हातारीच्या हातातच द्यायचे असल्याने त्याला कोठ्यात जावं लागलं आणि बाहेर आल्यावर त्याने पाय दगडाला घासत सांगितलं, "पुढच्या बारीले बुढीले समोर बसवजा. माह्या चपलेले शेण लागते." दर महिन्याला बाज कोण उचलणार, म्हणून ती सपरीतच राहिली. दुसऱ्या बदलात वैद्यकशास्त्राने लक्ष घालायला हवं. जे दूध आठ वर्षं पचत नव्हतं ते पहिल्या मनीऑर्डरनंतर तिसऱ्याच दिवशी पचू लागलं. खोकला होता तसाच होता, पण पोरांची झोप गाढ झाली. रूपरावने आईला एसटीने सेवाग्रामच्या दवाखान्यात नेऊन चष्मा आणला आणि वाटेत तिचा हात धरून म्हणाला, "माय, तू शंभर वर्षं जगली पायजे." हे तो अगदी मनापासून म्हणाला. साठ गुणिले बारा त्याला तोंडपाठ होतं.

एके सकाळी लीलाबाईने विचारलं, "आत्याबाई, भाजी कोन्ती करू?" कोणी काही विचारण्याची सवयच मोडल्यामुळे आनंदाबाई दचकून "कोन्तीही कर" म्हणाली आणि दिवसभर हळहळली. दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन अंबाडीची भाजी सांगितली.

आनंदाबाई भोळी नव्हती. हे सगळं साठ रुपयांचं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिला ते आवडत होतं. सपरीतून रस्ता दिसे, जाणारा-येणारा रामराम घाली, नातू मांडीवर डोकं टेकून झोपी जाई. कोठ्यातून बैलांचे पुठ्ठे दिसत. परत तिथे जायचं नाही, एवढंच आता तिला या जगाकडून हवं होतं.

आणि मग पडताळणी निघाली. मुलांचा आधार असलेले लोकही मदत घेतात, अशी तक्रार वर गेली होती. पथक गावोगाव फिरू लागलं. शेजारच्या गावात तीन म्हाताऱ्या तेल लावून विंचरलेल्या अवस्थेत सापडल्या आणि जागच्या जागी बाद झाल्या. एक म्हातारा तर वरणात तूप घेताना पकडला गेला. खापरवाड्याचा दिवस ठरला. साहेब यायच्या आत आईला पुन्हा निराधार करणं भाग होतं.

बाज कोठ्यात आणली. पण घोडं तिथेच अडलं. पूर्वी सगळं कसं होतं हे दोघा नवरा-बायकोला काही केल्या आठवेना.

"अथीच होती ना बाज?" रूपरावने गव्हाणीकडे बोट दाखवलं.

"मले काई याद नाई," लीलाबाई म्हणाली.

शेवटी आनंदाबाईच उठली. लोणच्याला मीठ किती घालायचं ते सुनेला सांगावं, तशा आवाजात तिने सांगायला सुरुवात केली. "गव्हाणीपाशी नाई. तथी कोरडं राह्यते, तथी वासरू बांधत होते. इकडं ठेव, कपाशीच्या पऱ्हाट्यांपाशी, पाणी गळते तथी. ही वाकळ नोको. ती उंदरानं कुरतडलेली, बैलाच्या कुटाराखाली असन, पाह्य. अन् ताट उंबऱ्यावर. झाकून नाई, उघडंच."

लीलाबाई ताट हातात धरून उभी राहिली. "झाकत नव्हती मी?"

"नाई."

रूपरावने डोकं खाजवलं. "एवढं होतं काय व माय?"

"होतं."

"अन् चहा?" लीलाबाईने खाली बघत विचारलं.

"काळा. अन् थंडा."

साहेब जीपने आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी कोठा पाहिला, गळणारं छप्पर पाहिलं, वाकळ पाहिली, ताटातल्या माश्या पाहिल्या. इतका अस्सल निराधारपणा त्यांनी नोकरीत आजवर पाहिला नव्हता. दुसरीकडे लोक कुठेतरी चूक करतात, एखादं नवं पांघरूण राहून जातं. इथे बोट ठेवायला जागा नव्हती.

"मुलगा सांभाळतो का?" त्यांनी विचारलं.

दाराआड रूपराव आणि लीलाबाई कान देऊन उभे होते. आनंदाबाईने क्षणभर हिशेब केला. 'सांभाळते' म्हटलं तर साठ रुपये जाणार आणि त्यांच्यामागे सपरीही जाणार. 'सांभाळत नाई' म्हटलं, तर मुलगा सांभाळणार.

"नाई सांभाळत, साहेब."

"कधीपासून?"

"त्याचा बाप गेला तवापासून."

इतक्या वर्षांत ही गोष्ट तिने पहिल्यांदाच कोणाला सांगितली होती आणि तो माणूस ती लिहून घेत होता. तिला एकदम हलकं वाटलं. साहेबांना वाईट वाटलं. त्यांची स्वतःची आई नालवाडीला त्यांच्याच घरात मागच्या खोलीत असे, पण त्या खोलीत हवा खेळती होती. त्यांनी 'मदत कायम ठेवावी' असा शेरा मारला आणि हात धुवायला पाणी मागितलं.

जीप वळणाआड गेली तशी बाज सपरीत आली. रूपरावने आईचे पाय धरले. "माय, माह्या लेकरांसाठी तू एवढं मोठं खोटं बोलली व. हे उपकार मी कसे फेडू?"

आनंदाबाईने त्याच्याकडे पाहिलं. उत्तर जिभेवर आलं होतं. एवढ्यात लीलाबाई चहा घेऊन आली. दुधाचा, आलं घातलेला, आणि कप बशीने झाकलेला. ती सासूच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. आनंदाबाईने बशी काढली, एक घोट घेतला. रस्त्यावरून कोणीतरी रामराम घातला.

"चहा चांगला झाला," ती म्हणाली.

पडताळणी पथकाचं मनुष्यबळ अपुरं असल्यामुळे ते सर्व घरांपर्यंत पोहोचू शकत नाही, विशेषतः शिकल्यासवरल्या वाचकांच्या घरांपर्यंत. तेव्हा वाचकांनी हे काम स्वतःच करायला हरकत नाही. घरातल्या ज्या खोलीत हवा सर्वात खेळती आहे, तिथे जाऊन विचारपूस करावी. तिथून 'चहा चांगला झाला' असं उत्तर आलं, तर आपण सज्जन आहोत असं समजून प्रकरण बंद करावं.